गिरणगावच्या अन्नपूर्णांचे ऋण

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार कामगार संहिता अमलात आल्या. एकोणतीस जुन्या कायद्यांची जागा घेणाऱ्या या संहितांवर बाजूने आणि विरोधात बरीच चर्चा झाली. ती व्हायलाच हवी. मात्र त्यातील एका तरतुदीकडे मुंबईने विशेष लक्ष द्यायला हवे होते, ते दिले गेले नाही. स्त्रीची स्वतःची संमती असेल आणि तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था मालकाने केली असेल, तर तिला आता रात्रपाळीत काम करता येईल. काही राज्यांनी अशी मुभा आधीच दिली होती. आता तिला देशव्यापी कायद्याचे अधिष्ठान मिळाले. स्त्रियांच्या रात्रीच्या कामावर पहिले बंधन आले ते १८९१च्या कारखाना कायद्याने. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८च्या कायद्यानेही संध्याकाळी सात ते सकाळी सहा ही वेळ स्त्रियांसाठी वर्ज्य ठरवली होती. या दोन टोकांमधील सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास ज्या भूमीवर घडला, ती भूमी म्हणजे परळ-लालबागचे गिरणगाव. तो इतिहास नीट वाचला, तरच नव्या तरतुदीचे खरे मोल आणि तिच्यातला धोका दोन्ही कळू शकतील.

गिरणगाव म्हटले की डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र येते. पहाटेचा भोंगा, धुराडी, चाळीच्या जिन्यावरून लगबगीने उतरणारा, हाती डबा घेतलेला कामगार, संध्याकाळची भजने, गणपतीतली नाटके आणि आखाडे. हे चित्र खोटे नाही, पण अर्धे आहे. या चित्रात पुरुष कामगार आहे, त्याचे पुढारी आहेत, त्याचे संप आहेत. स्त्री असलीच तर ती दारात वाट पाहत उभी आहे. गिरणीच्या आत साच्यांच्या खडखडाटात दिवसभर उभी असलेली आणि गिरणीबाहेर चुलीच्या धगीत तितकेच तास बसलेली स्त्री मात्र या चित्रातून निसटली आहे. लाल बावट्याने लिहिलेल्या इतिहासात ती मोर्च्याच्या आघाडीपुरती दिसते. मध्यमवर्गीयांच्या आठवणींत ती क्वचितच येते. म्हणजे दोन्हीकडे हिशेब अपुराच राहिला आहे.

मुळात सूत कातणे हे या देशात बायकांचेच काम होते. गिरण्या येण्यापूर्वी गावोगावच्या घरांत चरखा होता आणि विशेषतः विधवा व निराधार स्त्रियांसाठी तो मानाने जगण्याचे साधन होता. कोणापुढे हात न पसरता घरात बसून चार पैसे मिळवण्याची ती व्यवस्था होती. एकोणिसाव्या शतकात लँकेशायरच्या स्वस्त सुताचे गठ्ठे मुंबईच्या बंदरात उतरू लागले आणि चरखा मुका झाला. विणकऱ्यांच्या हलाखीबद्दल बरेच लिहिले गेले. कातणाऱ्या बाईचे काय झाले, हे विचारण्याचे मात्र फारसे कोणाला सुचले नाही. ज्या परकीय व्यापाराने तिचा चरखा हिरावला, त्याला एतद्देशीय उत्तर म्हणून १८५६ साली ताडदेवला मुंबईची पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढच्या काही दशकांत गिरण्यांचे जाळे परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळीपर्यंत पसरले. गावात सूत कातण्याचे काम गमावलेली स्त्री त्याच सुताच्या मागे मुंबईत आली. फरक इतकाच की चरख्याची ती स्वामिनी होती, गिरणीत ती रोजावरची मजूर झाली.

गिरण्यांत स्त्रियांची कामे ठरलेली असत. वाइंडिंग आणि रीलिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याची खाती, ही प्रामुख्याने त्यांची. त्यांच्यावर देखरेख नायकिणीची. कामावर घेणे, काढणे, खाडा मांडणे ही सारी सत्ता तिच्या आणि जॉबरच्या हाती. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील दर पाच कामगारांमागे साधारण एक स्त्री होती. कोकणातून, घाटावरून आलेल्या या स्त्रियांत विधवा आणि परित्यक्ता पुष्कळ होत्या. गावच्या भाऊबंदकीत ज्यांना आसरा उरला नव्हता, त्यांना गिरणीने मजुरी दिली. पण त्या मजुरीची किंमतही पुरेपूर वसूल केली. १९२१-२२ साली सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांनी गिरणीत काम करणाऱ्या बाळंतिणींची पाहणी केली. तिच्यात आढळलेली एक गोष्ट आजही वाचवत नाही. आई दिवसभर गिरणीत असताना मूल शांत निजून राहावे म्हणून त्याला अफूची ‘बाळगोळी’ देण्याची सवय सार्वत्रिक झाली होती. कोणती आई आपल्या लेकराला आनंदाने अफू देईल? त्या गोळीमागे क्रौर्य नव्हते, लाचारी होती. पाळणाघर नव्हते, सासू गावी होती आणि खाडा झाला तर नायकीण दुसरीला उभी करणार होती.

या स्त्रिया मुकाट्याने सोसत राहिल्या, असेही नाही. भारतीय कामगार चळवळीचे आद्य प्रवर्तक नारायण मेघाजी लोखंडे यांनी २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा घेतली. आठवड्याची सुट्टी ही त्यांची मुख्य मागणी होती. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, अशी नोंद आहे. ज्या काळात सुशिक्षित घरांतील स्त्रीलाही सभेत उभे राहणे दुरापास्त होते, त्या काळात गिरणीतल्या दोन निरक्षर बाया दहा हजारांसमोर बोलल्या. त्यांची नावे मात्र इतिहासाने टिपून ठेवली नाहीत. त्याच वर्षीच्या जून महिन्यापासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण ज्या रविवारी निवांत वर्तमानपत्र वाचतो, त्या रविवारात त्या दोन अनामिकांचाही वाटा आहे.

त्यानंतर कायदे आले. १८९१च्या कायद्याने स्त्रियांचे काम दिवसाला अकरा तासांवर आणले आणि रात्रीच्या कामाला आळा घातला. या कायद्यामागे माणुसकी होती तसाच लँकेशायरच्या गिरणीमालकांचा मत्सरही होता. हिंदुस्थानी गिरण्या स्वस्तात माल काढतात, तेव्हा त्यांचे तास कमी करा, असा त्यांचा आग्रह होता. येथील मालकांनी त्याला विरोध केला. दोघांच्या या रस्सीखेचीत स्त्रीला काय हवे, हे तिला कोणी विचारले नाही. खऱ्या अर्थाने तिच्या बाजूने विचार झाला तो १९२८ साली. मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा परळच्या पोयबावडीतील चाळीत राहणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार शासनाने उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली हा कायदा झाला. देशातला अशा स्वरूपाचा तो पहिला कायदा होता. पण रोजी आठ आण्यांचा तो भार शासनाने उचलला नाही, तो एकट्या मालकावर पडला.

येथेच गिरणगावचा सर्वांत महत्त्वाचा धडा दडलेला आहे. संरक्षण द्यायचे समाजाने ठरवले आणि त्याची किंमत एकट्या मालकाने मोजायची ठरली. मालकाने साधा व्यापारी हिशेब केला. रात्रपाळीत बाई चालत नाही, बाळंतपणात तिला पैसे द्यावे लागतात, पुढे पाळणाघरही काढावे लागणार, मग बाई हवीच कशाला? त्यातच नव्या वेगवान यंत्रांनी वाइंडिंग खात्यातले हात कमी केले आणि पाळ्या वाढल्या. तरुण, विवाहित स्त्रियांना कामावर घेणे हळूहळू थांबले. संघटनांनीही पुरुषाच्या नोकरीसाठी जितका जीव काढला, तितका बाईच्या नोकरीसाठी काढला नाही. घर चालवण्याइतका पगार कर्त्या पुरुषाला मिळाला की झाले, हा विचार मालक, पुढारी आणि पांढरपेशा समाज या तिघांनाही सोयीचा होता. ज्या घरात कर्ता पुरुष नाही त्या घराचे काय, हा प्रश्न त्या हिशेबात बसत नव्हता. स्वातंत्र्याच्या सुमारास गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले आणि १९८२च्या संपाच्या आधीच शंभर कामगारांत मोजक्याच स्त्रिया उरल्या होत्या. गिरण्या बंद पडल्या म्हणून पुरुष बेकार झाले. बाईला मात्र गिरण्या चालू असतानाच घरी पाठवले गेले होते.

घरी गेलेली ही स्त्री रिकामी बसली का? मुळीच नाही. तिने चूल हेच भांडवल केले. गिरणगावातले निम्मेअधिक पुरुष बिऱ्हाड गावी ठेवून आलेले. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे, गाळ्याच्या ट्रंकेत संसार सामावलेले. त्यांच्या पोटाची व्यवस्था केली ती खाणावळवाल्या बायांनी. दहा बाय दहाच्या खोलीत पहाटे चारला स्टोव्ह पेटे. पहिल्या पाळीचे डबे, मग दुसऱ्या पाळीची पंगत, शेवटी रात्रपाळीवाल्यांची भाकरी. हिशेब महिन्याच्या पगारावर. तोवर वाणसामान उधारीवर आणायचे, वाण्याचे व्याज सोसायचे, प्रसंगी मंगळसूत्र गहाण टाकायचे. कामगार आजारी पडला तर पेज तिनेच करायची आणि गावची चिठ्ठी आली तर धीरही तिनेच द्यायचा. संप झाला की गिऱ्हाइकाचे पैसे थकत, पण पंगत उठवता येत नसे. पुढाऱ्यांची भाषणे इतिहासात गेली. ज्यांच्या उधारीवर ते संप महिनोन्महिने टिकले, त्या बायांना कोणी संपकरी म्हटले नाही.

या स्त्रियांकडे पहिल्यांदा उद्योजक म्हणून पाहिले ते प्रेमाताई पुरव यांनी. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि डाव्या कामगार चळवळीत वाढलेल्या प्रेमाताईंनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. खाणावळवालीला सावकाराच्या पाशातून सोडवायचे तर तिला बँकेचे कर्ज मिळाले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. तारण काय, हा बँकेचा प्रश्न होता. शेजारणीने शेजारणीला जामीन राहायचे, हे प्रेमाताईंचे उत्तर होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायांनी ही कर्जे फेडून दाखवली. बचत गट हा शब्द घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधी गिरणगावाने तो प्रयोग यशस्वी केला होता. २००२ साली त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. विचारसरणी वेगळी असली, तरी चांगल्या कामापुढे नतमस्तक होण्याची आपली परंपरा आहे. शिवाय या कामाला त्यांनी नाव दिले तेही ‘अन्नपूर्णा’. या मातीतली चळवळ रुजायची तर तिला या मातीचीच प्रतीके लागतात, हे त्यातून दिसते.

लालबागपासून दोन-तीन मैलांवरच्या गिरगावात याच्या सोळा वर्षे आधी आणखी एक प्रयोग सुरू झाला होता. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल होते छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले ऐंशी रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. पहिला पावसाळा आला आणि पापड वाळेनात म्हणून काम थांबवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी खाटेवर पापड पसरून खाली शेगडी ठेवली आणि काम चालू राहिले. देणगी घ्यायची नाही, नफा-तोटा सर्वांनी वाटून घ्यायचा, प्रत्येक सभासद मालक आणि प्रत्येकीला ‘बहीण’ म्हणायचे, हे नियम त्यांनी स्वतःला घालून घेतले. सकाळी पीठ न्यायचे, घरी लाटायचे, दुसऱ्या दिवशी पापड देऊन वणाईचे पैसे घ्यायचे. लिज्जतच्या या परिवारात आज सुमारे पंचेचाळीस हजार बहिणी आहेत. त्या सातांपैकी एक, जसवंतीबेन जमनादास पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. भांडवलशाहीने कामगार निर्माण केला, साम्यवादाने वर्ग निर्माण केला. गिरगावच्या गच्चीने मात्र कुटुंब निर्माण केले, ज्यात मालक आणि मजूर हा भेदच उरला नाही. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. या बहिणींना कोणी उपकार म्हणून काम दिले नव्हते. घराच्या उंबऱ्याआत बसून केलेले काम हेही कामच आहे आणि त्याचा मोबदला रोखीत, रोजच्या रोज मिळाला पाहिजे, हे त्यांनी व्यवहारात सिद्ध केले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गिरणगाव त्यातून पुन्हा उभे राहिले नाही. घरातला पुरुष वर्षानुवर्षे बसून राहिला तेव्हा संसार सावरला तो बायकांनी. कोणी धुणीभांडी धरली, कोणी दादरच्या बाजारात भाजीची पाटी लावली, कोणी घरी मसाले कुटले, कोणी शिवणयंत्राचे हप्ते फेडत रात्री जागवल्या. मुलांच्या शाळा सुटल्या नाहीत त्या याच पैशांवर. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. कामगारांना घरे देण्याचे ठरले आणि २०१२ साली पहिली सोडतही निघाली. त्या यादीत येण्यासाठी गिरणीच्या हजेरीपटावर नाव असावे लागते आणि ते रास्तच आहे. पण खाणावळवालीचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नव्हते. चाळीस वर्षे गिरणगावाला जेवू घालणारी बाई कागदोपत्री त्या गावची कोणीच लागत नाही.

हे सारे भूतकाळातले आहे, असे मानून पान उलटणे सोपे आहे. पण संध्याकाळी दादर स्थानकावर क्षणभर थांबून पाहावे. कार्यालयातून सुटलेली मध्यमवर्गीय गृहिणी गाडीतच भाजी निवडते आणि उतरल्यावर पोळीभाजी केंद्रावरून पोळ्या घेते. तिच्या घरी सकाळी येऊन गेलेली बाई त्याच वेळी तिसऱ्या-चौथ्या घरची भांडी घासत असते. म्हणजे एका स्त्रीची नोकरी दुसऱ्या स्त्रीच्या श्रमांवर उभी आहे. आणि त्या दुसरीचे घर? ते बहुधा तिच्या शाळेत जाणाऱ्या मुलीवर. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळवापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्यांत स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनमोबदल्याचे घरकाम करतात आणि पुरुष ८८. रात्रपाळीची मुभा आज मिळाली, पण ही दिवसपाळी कोणत्याही संहितेने कमी केलेली नाही. दिवसपाळीवर रात्रपाळी चढवणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे.

म्हणून नव्या तरतुदींचे स्वागत करताना गिरणगावचा धडा समोर ठेवला पाहिजे. २०१७च्या दुरुस्तीने प्रसूती रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. हेतू उत्तमच आहे. परंतु सारा भार मालकावर टाकून शासन आणि समाज मोकळे झाले, तर १९२९ नंतर जे घडले ते पुन्हा घडेल. बाईला हक्क मिळतील आणि नोकरी मिळणार नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली सुचवलेला मार्गच योग्य होता. मातृत्व हे राष्ट्राचे कार्य असेल, तर त्याचा खर्च राष्ट्राने वाटून घेतला पाहिजे. चाळींच्या पुनर्विकासात जिम आणि वाहनतळ आखले जातात. तेथे एक पाळणाघर, एक सामायिक स्वयंपाकघर, पापड-मसाल्याच्या उद्योगासाठी एक गाळा आखायला कोणता कायदा आड येतो? गच्ची नसती, तर लिज्जत जन्माला आले असते का?

पण सर्वच गोष्टी शासनावर ढकलून चालणार नाही. काही प्रश्न आपल्या उंबऱ्याआतलेही आहेत. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्राने २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला. आपल्या घरी येणाऱ्या बाईची त्या मंडळाकडे नोंदणी झाली आहे का, हे किती कुटुंबांनी विचारले आहे? लोखंडे यांनी १८९० साली गिरणी कामगारांना रविवार मिळवून दिला. आपल्या मोलकरणीला आठवड्याची हक्काची सुट्टी आहे का? तिच्या आजारपणाचा खाडा आपण पगारातून कापतो का? तिचा कप आजही वेगळा ठेवलेला असतो का? समरसतेची व्याख्याने सभागृहात होतात, तिची परीक्षा मात्र स्वयंपाकघरात होते. जनाबाईंच्या जात्याला विठ्ठलाने हात लावला, ही कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. देवाला जे कमीपणाचे वाटले नाही, ते घरातल्या पुरुषाला का वाटावे, हा प्रश्न त्या कथेतच आहे. ८८ मिनिटांचा आकडा वाढवण्यासाठी संसदेच्या मंजुरीची आवश्यकता नाही.

स्त्रीला देवी म्हणणाऱ्या समाजाने तिच्या श्रमांची नोंद ठेवायची राहून जावी, ही विसंगती आहे. गिरणगावचा भोंगा थांबला, धुराडी पडली, पण पहाटे चारला पेटणाऱ्या शेगड्या विझलेल्या नाहीत. त्यांच्या उबेवर ही महानगरी उभी राहिली आणि आजही उभी आहे. अन्नपूर्णेची पूजा नवरात्रात नऊ दिवस होते. उरलेले दिवस तिचा हिशेब चोख ठेवणे हे ऋण फेडण्याची सुरुवात ठरेल. ती सुरुवात उद्या सकाळी, दारावरची घंटा वाजल्यावर, प्रत्येकाला आपल्या घरातून करता येईल.